शुगरचा कागद

"गेली ना बोटं? मी दसऱ्यालाच म्हणले होते."

इंदुताईंनी अजून हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. नांदेडहून काचीगुड्याला उतरल्या, ऑटो करून थेट घरी आल्या, दारात चपला काढल्या आणि भावजयीच्या पलंगाशी येऊन उभ्या राहिल्या. सत्यवतीचा उजवा पाय दोन उशांवर ठेवला होता. घोट्यापर्यंत पांढरी पट्टी. पट्टीचा पुढचा भाग एका बाजूला एकदम उतरता झाला होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आता तिथं नव्हतं.

"बसा वन्सं," सत्यवती म्हणाली. "प्रवास कसा झाला?"

"माझ्या प्रवासाचं काय घेऊन बसलीस! गोड सोड, गोड सोड म्हणून किती जणांनी सांगावं माणसाला?"

सत्यवतीनं भिंतीकडे तोंड केलं. दवाखान्यातून घरी येऊन तिला अकरा दिवस झाले होते, आणि अकरा दिवस हेच चाललं होतं. काचीगुड्यातली ओळखीची सगळी मराठी घरं येऊन गेली. प्रत्येकजण मोसंबी आणायचा, पट्टीकडे बघायचा आणि आवाज बारीक करून विचारायचा, गोड सुटलं नाही का हो यांचं?

स्वयंपाकघरात रेणू पोळ्या लाटत होती. तिला सगळं ऐकू येत होतं. लग्न होऊन पुण्याहून इथं आल्याला तिला तीन वर्षं झाली होती, आणि या घरात आपण कुठं बोलायचं नि कुठं नाही याचा तिला आताशा अंदाज आला होता. पण आज सकाळपासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पोळ्या कशाही लाटल्या जात होत्या.

सकाळी ती सासूचे जुने कागद शोधत होती. ड्रेसिंग करायला येणाऱ्या नर्सनं आधीच्या गोळ्यांची चिठ्ठी मागितली होती. नवऱ्याच्या, विकासच्या काळ्या बॅगेत, वॉशिंग मशीनच्या रंगीत माहितीपत्रकांमध्ये, तिला ती चिठ्ठी सापडली. चिठ्ठीला टाचणीनं एक कागद जोडलेला होता. वर डॉक्टर श्रीकांत यांचा शिक्का आणि सहा नोव्हेंबर १९९३ ही तारीख. एका बाजूला तेलुगू, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. रेणूनं तो उभ्याउभ्या वाचला आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. सासूची बोटं काढली होती फेब्रुवारीत.

आता विकास पाणी प्यायला आत आला तेव्हा तिनं कागद त्याच्यासमोर धरला.

"हा कधी दिला तुला डॉक्टरांनी?"

विकासनं कागद ओळखला. तिला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"असेल दिवाळीच्या आसपास. का?"

"वाचला होतास?"

"थोडा. पथ्याबिथ्याचं होतं. रेणू, तेव्हा शोरूम नवीन उघडली होती, दिवाळीची गर्दी, मला श्वास घ्यायला वेळ नव्हता."

"आईंना सांगितलंस का यातलं काही?"

"गोड खाऊ नको, भात कमी कर, सांगितलं की! आत्या आहे बाहेर. आत्ता नक्को."

"आत्या चार दिवस राहणार आहेत."

"मग चार दिवसांनी बोलू," तो म्हणाला आणि पेला तसाच ओट्यावर ठेवून बाहेर गेला.

*

जेवणं पलंगाच्या खोलीतच झाली. सत्यवतीला उठता येत नव्हतं आणि इंदुताईंना तिला सोडून जेववेना. मुकुंदराव खुर्चीत ताट मांडीवर घेऊन बसले होते. बेगम बाजारातलं हळद-मिरचीचं दुकान त्यांनी दोन वर्षांपूर्वी बंद केलं, तेव्हापासून ही खुर्ची त्यांची. एरवी थोरल्या बहिणीपुढं ते मोकळेपणानं बोलत. आज त्यांनी तिला फक्त 'आलीस का' एवढंच विचारलं होतं.

"मी डोळ्यांनी बघितलंय," इंदुताई सांगत होत्या. "दसऱ्याच्या दिवशी. हिचा नवरात्राचा उपास. मी पाणी घ्यायला म्हणून आत गेले, तर ही बाई डब्यापाशी उभी. मूठभर साखर तोंडात! घामानं चिंब, हात लटलटा कापायलेत. चोरी पकडली गेली की माणूस कापणारच."

"चोरी नव्हती वन्सं."

"मग काय होतं?"

"कसंतरी व्हायलं होतं. डोळ्यांपुढं अंधारी आली. साखर खावी वाटली. खाल्ली."

"वाटलीच ना! तेच म्हणायले मी."

मुकुंदरावांनी ताटातला भात बाजूला सारला. बायकोची बाजू घेऊन एक शब्द बोलावा असं त्यांना वाटत होतं. पण ते बोलायला लागले तर एका शब्दावर थांबणार नव्हतं. थंडीत सत्यवतीच्या पायांना मुंग्या यायच्या, पाय गार पडलेत म्हणायची. त्यांनी सुलतान बाजारातून गरम पाण्याची रबरी पिशवी आणली. रोज संध्याकाळी स्वतः पाणी तापवायचे, पिशवी भरायचे, टॉवेलात गुंडाळून तिच्या तळव्यांना लावायचे. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात बायकोसाठी चूल त्यांनी तेवढ्यासाठीच पेटवली होती. जानेवारीत एके दिवशी टॉवेल धुवायला गेला होता. त्यांनी पिशवी तशीच लावली. "चटका बसत नाही ना?" असं त्यांनी विचारलंही होतं. ती म्हणाली, "नाही, उलट काही कळतच नाही." सकाळी करंगळीपाशी लिंबाएवढा फोड होता.

ते हे कुणालाही बोलले नव्हते. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं "भाजलं कशानं?" म्हणून विचारलं तेव्हा सत्यवतीच "माहीत नाही" म्हणाली होती. का म्हणाली, हे त्यांनी तिला विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

"आणि तू गं," इंदुताई आता रेणूकडे वळल्या. "पुण्याची, शिकलेली. दिलसुखनगरला पोरांना गणित शिकवतीस. घरात साखरेचा डबा कुलपात ठेवायचं नाही सुचलं तुला?"

रेणूनं विकासकडे पाहिलं. त्यानं मान वर केली नाही.

"मी तर सांगून सांगून थकलो आत्या," तो ताटाकडे बघत म्हणाला. "आई ऐकतच नाही कुणाचं."

रेणू उठली. हात धुतले. परत आली तेव्हा तिच्या हातात तो कागद होता.

"रेणू," विकास म्हणाला.

"आई, हा कागद डॉक्टर श्रीकांतांनी नोव्हेंबरमध्ये दिला होता. तुमच्यासाठी. तुम्हाला मिळालाच नाही. मी आज पाहिला."

"कुठं होता?" सत्यवतीनं विचारलं.

"यांच्या बॅगेत."

सत्यवतीनं हात पुढं केला. कागद डोळ्यांजवळ नेला, उलटा करून पाहिला. ती मराठी चौथीपर्यंत शिकली होती. रोजचं वर्तमानपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची. तेलुगू अक्षर तिला येत नव्हतं, इंग्रजीही नाही. तिनं तो नवऱ्याकडे दिला. मुकुंदराव जुन्या निजामी राजवटीत उर्दू शाळेत शिकलेले. त्यांनीही तो पाहिला आणि परत केला.

"वाच," ती रेणूला म्हणाली. "मराठीत सांग."

"आई, जेवण होऊ दे," विकास म्हणाला.

"तू गप."

रेणू वाचू लागली. इंग्रजी वाक्य मनात वाचायचं आणि मराठीत मोठ्यानं सांगायचं. "शुगर हा आयुष्यभराचा आजार आहे. बरं वाटलं म्हणून गोळी बंद करू नका. गोळी घेऊन उपाशी राहू नका. उपास करायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा." ती थांबली. इंदुताईंकडे न बघता तिनं पुढचं वाचलं. "एकाएकी घाम आला, हात कापू लागले, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर शुगर फार उतरली असं समजा. त्याच क्षणी दोन-तीन चमचे साखर खा. वेळ घालवू नका."

सत्यवतीनं उशीवरून मान उचलली.

"परत वाच ते," सत्यवती म्हणाली.

रेणूनं परत वाचलं.

"ऐकलंत वन्सं? साखर खा लिहिलंय. त्या दिवशी तुम्ही माझ्या हातावर चापट मारलीत. राहिलेली साखर मोरीत टाकायला लावलीत. सगळ्या बायकांसमोर."

"मला काय ठाऊक," इंदुताई पुटपुटल्या. "कुणाला ठाऊक होतं?"

"पुढं वाच."

"या आजारात पायांना मुंग्या येतात. हळूहळू पायांचं भान जातं. जखम झाली तरी दुखत नाही. म्हणून रोज पाय बघा. तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या. अनवाणी चालू नका. पाय धुऊन कोरडे करा. लहानशी जखम झाली तरी त्याच दिवशी दवाखान्यात या." रेणू थांबली. पुढची ओळ तिनं सकाळी वाचलेली होती. ती रबरी पिशवी माजघरात खिळ्याला लटकलेली असायची, रोज संध्याकाळी कोण भरायचं हे तिनं पाहिलं होतं. तिनं वाचत आणलेल्या ओळीवरून बोट उचललं. "असं सगळं आहे."

"संपलं?"

"हो."

"खाली अजून दोन ओळी दिसतात," सत्यवती म्हणाली. "मला हे वाचता येत नाही, मोजता येतं."

रेणू सासऱ्यांकडे पाहू लागली. मुकुंदरावांनी ताट खाली ठेवलं. त्यांच्या लक्षात आलं होतं.

"वाच बेटा," ते म्हणाले.

"गरम पाण्याची पिशवी पायांना कधीही लावू नका. भाजलेलं कळत नाही."

इंदुताईंनी एकदा भावाकडे, एकदा भावजयीकडे पाहिलं. मुकुंदराव उठून उभे राहिले, पण जायला कुठं जागा नव्हती. "पिशवी मी लावायचो," ते म्हणाले. "रोज. इंदुताई, हिची गोड खाऊन नाही गेली बोटं. माझ्या हातानं गेली."

"मुकुंदा, अरे, तू काय मुद्दाम…"

"मला ठाऊक होतं," सत्यवती म्हणाली.

तिचा आवाज चढलेला नव्हता. पण विकासनं पहिल्यांदा मान वर केली.

"पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सकाळी फोड बघितला तेव्हाच. म्हणलं, माणसानं मायेनं केलं, त्याच्या जिवाला लागेल. म्हणून डॉक्टरला नाही सांगितलं. यांना कुणी सांगितलं नव्हतं, मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा राग नाही मला." ती नवऱ्याकडे वळली. "पण अकरा दिवस लोक घरात येऊन मला खादाड म्हणून जायलेत. चोरटी म्हणायलेत. आज तुमच्या सख्ख्या बहिणीनं तोंडावर म्हणलं. तुम्ही त्या खुर्चीत बसून ऐकलंत. मी तुमच्यासाठी तोंड मिटलं, तुम्ही कुणासाठी मिटलंत?"

मुकुंदरावांनी खुर्चीची पाठ धरली.

"एकदा म्हणायचं होतं. एकदा. बाबांनो, गोडाचा संबंध नाही. एवढंच. पिशवीचं नसतं सांगितलं तरी चाललं असतं."

"सत्यवती, माझी जीभच…"

"राहू द्या."

मग तिनं मुलाकडे पाहिलं, आणि यावेळी तिचा आवाज असा फुटला की रेणूनं घाबरून तिचा पाय धरला. "आणि तुला तर सांगितलं होतं रे! कागद दिला होता हातात! दीड महिना मी पायाला मुंग्या येतात म्हणून तुझ्यापुढं रडले. तू टीव्हीवर मॅच बघत होतास. म्हणालास, वय झालं आई. सत्तावन्न वर्षांचं काय वय झालं माझं? आणि आत्ता, आत्ता माझ्यासमोर बसून म्हणतोस, आई ऐकत नाही? मला ऐकवलंस काय तू?"

"सगळं माझ्यावरच!" विकासही ओरडला. ताटातली वाटी कलंडली. "दर महिन्याला दवाखान्यात कोण नेतं? रजा कोण टाकतं? तो डॉक्टर दोन मिनिटं देतो. आत जायचं, रिपोर्ट दाखवायचा, चिठ्ठी घ्यायची, बाहेर. कागद हातात कोंबला आणि पुढच्याला हाक मारली. मला वाटलं सगळ्यांना देतात तसला असेल. मी काय डॉक्टर आहे? नाना होते की घरी दिवसभर. त्यांनी कधी एकदा तरी आत येऊन विचारलं डॉक्टरला?"

"बापाकडे बोट दाखवू नकोस," इंदुताई कडाडल्या. मघापासून सुनेवर नि भावजयीवर रोखलेली त्यांची नजर आता भाच्यावर होती. "त्यानं चूक कबूल केली. तू अजून 'मला वाटलं, मला वाटलं' करायलास. मिक्सरबरोबरचा कागद वाचून गिऱ्हाईकाला समजावून सांगतोस ना दुकानात? पंधरा मिनिटं? आईचा कागद नाही वाचता आला?"

विकास रोज हेच करत होता. नवीन नवीन यंत्रं येत होती, लोकांना कळत नव्हती, तो त्यांना प्रत्येक बटण दाखवून समजावायचा, आणि त्यासाठी मालक त्याला शाबासकी द्यायचा. त्यानं रेणूकडे पाहिलं. तिनं कागद सासूच्या उशीखाली ठेवला आणि सांडलेली आमटी पुसायला खाली बसली. त्याच्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळानं जिन्यावर त्याची पावलं वाजली आणि खाली स्कूटर सुरू झाली.

मुकुंदराव पलंगाजवळ आले. तिच्या पायाकडे हात नेला.

"आज नको," सत्यवती म्हणाली. "आज जवळ येऊ नका."

ते खुर्चीतही बसले नाहीत. बाहेर गॅलरीत जाऊन, स्टेशनाकडे तोंड करून, बराच वेळ उभे राहिले.

*

मंगळवारी सत्यवतीनं दवाखान्यात जायचा हट्ट धरला. विकासनं रजा टाकतो म्हटलं, ती नको म्हणाली. मुकुंदरावांनी शर्ट घातला, तो तिनं उतरवायला लावला. रेणू आणि इंदुताई, दोघींच्या खांद्यांवर हात टाकून ती एका पायावर जिना उतरली. रेणूला वाटलं होतं, त्या भांडणानंतर इंदुताई सोमवारीच परत जातील. त्या गेल्या नाहीत. दोन दिवस कमी बोलल्या, आणि ऑटोत भावजयीचा पाय त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला.

डॉक्टर श्रीकांत यांच्या दवाखान्यात बाकांवर जागा नव्हती. तासाभरानं नंबर लागला. डॉक्टर चाळिशीचे, थकलेले, सभ्य. त्यांनी पट्टी पाहिली, हळहळले आणि रेणूकडे वळून इंग्रजीत बोलू लागले.

"डॉक्टरसाब," सत्यवती म्हणाली. "इधर देखो."

डॉक्टर थांबले.

"शुगर मेरेकू है. बात इससे कायकू करते?"

"अम्मा, आपकू समझाने के वास्ते ही इनकू बोल रहा हूँ."

"सात बरस मेरे बेटे कू बोले. मेरेकू एक बार नै बोले." तिनं पदराखालून कागद काढून टेबलावर ठेवला. "ये भी बेटे कू दिये. बेटे कू शुगर नै है. पाँव उसका नै कटा."

डॉक्टरांनी कागद उचलला. तो आपलाच आहे हे पाहून त्यांच्या कपाळावर आठी पडली. ते म्हणाले की बाहेर साठ माणसं बसलीत, सगळ्यांना बसवून सांगायला त्यांना वेळ कुठला, म्हणून तर कागद छापला. सत्यवतीनं सगळं ऐकून घेतलं.

"कागद अच्छा है," ती म्हणाली. "मेरेकू तेलुगू-अंग्रेजी पढना नै आता. बाहर बैठे उनमें कित्तों कू आता, पूछे आप?"

डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. मग त्यांनी खुर्ची ओढून तिच्यासमोर घेतली. कंपाउंडरला दार लावायला सांगितलं. गोळी कधी घ्यायची, कशाच्या आधी घ्यायची, उपासाच्या दिवशी काय करायचं, उरलेल्या आठ बोटांना कसं जपायचं, सगळं दखनी हिंदीत, तिच्याकडे बघत सांगितलं. दोनदा त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. दोन्ही वेळा तिनं नवा प्रश्न विचारला. शेवटी ते म्हणाले की हा कागद कुणी मराठीत आणि उर्दूत लिहून दिला तर ते छापतील. रेणू म्हणाली, मराठीत मी लिहीन. "उर्दू माझ्या भावाला येतं," इंदुताई म्हणाल्या आणि भावजयीकडे पाहिलं. सत्यवती हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही.

बाहेर येईपर्यंत तिचा पाय ठणकायला लागला होता. इंदुताई ऑटो बघायला रस्त्यावर गेल्या. सत्यवती बाकाच्या टोकाला टेकली. शेजारी बुरख्यातली एक बाई बसली होती, पन्नाशीची, आणि तिच्या पलीकडे हातात रिपोर्टची पिशवी धरून तिचा नवरा. बाईची नजर सारखी सत्यवतीच्या पट्टीकडे जात होती.

"क्या हुआ आपा?" तिनं हळूच विचारलं.

"शुगर. तुमकू भी है?"

"हौ. चार साल हुए."

"पाँव में चींटियाँ चलते सरीका होता?"

बाई दचकली. उत्तर नवऱ्यानं दिलं. "थोडा होता. वैसा कुछ नै. आप मेरेकू बोलो, क्या बोलना है, मैं सब देखता इनका."

सत्यवतीनं त्याच्याकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. रिपोर्टची पिशवी त्यानं दोन्ही हातांनी जपून धरली होती. तिचा राग पुन्हा वर आला, आणि यावेळी तिनं तो आवरला नाही, फक्त आवाज खाली ठेवला.

"तुमकू नै भाई," ती म्हणाली. "इनकू."

मग ती त्या बाईकडे वळली. "चप्पल निकालो अम्मा. पाँव इधर करो. शरमाओ नक्को."

बाईनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाठ केली आणि चप्पल काढून पाय बाकावर घेतला. सत्यवती खाली वाकली आणि एकेक बोट बाजूला करून बेचक्यांमध्ये पाहू लागली.